वायरीवर की हवेवर

माझ्या कॉम्प्युटरच्या मागे पत्र्याची एक पट्टी आहे. तिच्यावर शर्टाच्या बटणाएवढ्या दोन गोल खुणा आहेत, पत्र्यानेच बुजवलेल्या. त्या दोन खुणांवरून मी एका माणसाला चोर ठरवलं होतं. आजही मशीन पुसताना मी ती बाजू घाईने पुसते.

मी जवळा बाजारला राहते. पप्पांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि दुकानामागेच घर. पुण्यातल्या एका इंटिरियर ऑफिससाठी मी घरांची थ्रीडी चित्रं करते. अजून न बांधलेल्या घराचा हॉल, त्यातला सोफा, खिडकीतून येणारं ऊन, सगळं फोटो काढल्यासारखं दिसलं पाहिजे. जुना लॅपटॉप एका चित्राला अर्धा दिवस घ्यायचा आणि शेवटी शेवटी बंद पडायचा. पप्पा म्हणाले, एकदाच घेऊ पण चांगला घेऊ.

हिंगोलीत एक चाचा कॉम्प्युटर जुळवून देतात. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता हे. दुकान छोटं आहे. पुढे काउंटर आणि मागे भिंतभर खोके. त्यांची एक पद्धत आहे. गिऱ्हाइकाला समोर बसवून एकेक भाग विचारत कागदावर लिहून काढायचा, आणि मशीन तयार झालं की प्रत्येक भागाचा रिकामा खोका परत द्यायचा. "खोका म्हंजे जन्माचा दाखला," असं ते म्हणतात. "माळ्यावर टाका, पन फेकू नका."

त्या दिवशी पप्पा काउंटरपुढच्या स्टुलावर बसले आणि मी त्यांच्या मागे उभी राहिले. माझी ती नेहमीची जागा.

"चालवनार कोन?" चाचांनी विचारलं.

"पोरगी," पप्पा म्हणाले.

"मग ताई, तुमी पुढं या. साहेब, तुमी उठा, तुमी चहा घ्या."

पप्पा हसत उठले. दुकानात, बँकेत, कुठेही मला असं पुढे बसवलेलं मला आठवत नाही. मला ते आवडायला हवं होतं. पण मला घाम फुटला. माझी शाळा पहिलीपासून इंग्रजीतून झाली, त्यामुळे कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं असं आमच्याकडे सगळ्यांना वाटतं आणि मी ते वाटू देते. खरं म्हणजे मला माझ्या कामाचं सॉफ्टवेअर येतं. आतल्या भागांची यादी मी इंटरनेटवरून उतरवून आणली होती, आणि तीही अर्धवट.

चाचा विचारत गेले. मी "हो", "चालेल" म्हणत गेले. मग त्यांनी पेन थांबवलं.

"बेटा, हे वायरीवर चालवनार की हवेवर? वायरीवर असंल तर बोर्ड बिनहवेचा घेऊ. त्याच पैशात मेमरी जास्त बसते. तुमचं काम जड हाय. वायरच बराबर ना?"

हवेवर म्हणजे काय, ते मला चटकन कळलं नाही. मशीनच्या आतल्या पंख्याचं काही असेल असं वाटलं. विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. मी मान हलवली. चाचांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या भागाकडे वळले.

चार दिवसांनी मशीन घरी आलं. सोबत रिकामे खोके आणि एका पिशवीत गुंडाळलेली निळी वायर, दोन्ही टोकांना चाचांनी स्वतः बसवलेले प्लग. मला वाटलं, ही भेट असेल. मी ती बाजूला ठेवली.

आमचं इंटरनेट पुढे दुकानात आहे आणि माझी खोली घराच्या शेवटी. मशीन चालू करून मी वायफाय शोधायला लागले, तर वायफायचं चिन्हच नाही. बंद नव्हतं, नव्हतंच. मी एका माणसाचा व्हिडिओ पाहिला. त्याने तसाच बोर्ड हातात धरला होता, आणि मागच्या पट्टीवरच्या दोन गोल जागांतून अँटेनाचे दोन पितळी दांडे बाहेर आलेले होते. मी माझं मशीन फिरवून पाहिलं. तिथे पत्रा. बाजूचं झाकण काढलं, तर आत बरोबर त्याच ठिकाणी एक रिकामी खाच, शेजारी स्क्रूचं भोक, स्क्रू नाही. एवढं महागाचं मशीन, पप्पांच्या साध्या फोनमध्येसुद्धा असतं ते यात नाही, आणि जागा मात्र आहे. माझ्या मनात शंका उरली नाही. इथे एक कार्ड होतं आणि ते काढून घेतलंय.

पप्पांना सांगितलं. ते खाच बघत राहिले.

"माणूस तसा वाटत न्हाई," ते म्हणाले. "फोन लाव अन् विचार."

"मला नाही बोलता येत."

"मग मी लावतो."

"नको पप्पा. तुम्हाला ते काहीतरी सांगतील आणि तुम्ही हो म्हणाल."

पप्पा म्हणाले, "काहून, मी येडा हाव का?" आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून गेले.

मला फोनवर बोलता येत नाही, पण लिहिता येतं. फोनमधल्या नकाशावर त्यांच्या दुकानाखाली मी पाचपैकी एक तारा दिला आणि इंग्रजीत सहा वाक्यं लिहिली. माझ्या खात्यावर नावाची दोन अक्षरं आणि जास्वंदीचा फोटो आहे, मी कोण ते कुणाला कळणार नव्हतं. लिहिलं की या माणसाने माझ्या नव्या मदरबोर्डातून वायफायचं कार्ड चोरलं. लिहिलं की एक फुकट वायर देऊन त्याने ते झाकायचा प्रयत्न केला. आणि शेवटी लिहिलं की समोर मुलगी असली की तिला काही कळणार नाही असं हे लोक धरून चालतात. ते शेवटचं वाक्य लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. ज्या माणसाने मला पुढे बसवलं, त्याच्याबद्दल. पुढच्या काही दिवसांत अनोळखी सात जणांनी ते उपयोगी वाटल्याची खूण केली. मी रोज मोजायचे.

नेट लागणारच होतं, म्हणून मी ती निळी वायर काढली आणि दुकानातून, बियाण्यांच्या पोत्यांच्या खोलीतून माझ्या टेबलापर्यंत ओढली. जड फायली पुण्याला इतक्या लवकर कधी गेल्या नव्हत्या. तेव्हाही माझ्या काही लक्षात आलं नाही.

महिन्याभराने ऑफिसातल्या मॅडम व्हिडिओ कॉलवर होत्या. नवं मशीन कसं आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छान आहे, पण दुकानदाराने वायफायचं कार्ड काढून घेतलं. त्यांनी बोर्डाचं नाव विचारलं. मी माळ्यावरून खोका काढून वाचून दाखवलं.

"अगं, या बोर्डात ते नसतंच," त्या म्हणाल्या. "माझ्याही मशीनमध्ये नाही."

मग त्यांनी समजावलं. अशी मशीनं एकदा टेबलाखाली ठेवली की हलत नाहीत, आणि ज्यांना जड काम करायचंय ते वायरच लावतात, कारण वायरीवर नेट मधेच तुटत नाही, मंदावत नाही. वायफायची पद्धत दोन-चार वर्षांनी बदलते, बोर्ड सात-आठ वर्षं चालतो. बोर्डात कायमचं बसवलेलं जुनं होऊन पडून राहतं, म्हणून कंपन्या जागा सोडतात; ज्याला हवं त्याने हवं तेव्हा हवं ते बसवावं. लोखंडी डब्यात वायफायची लहर अडतेही, अँटेना बाहेर काढावे लागतात. काही ऑफिसांना तर मशीनमध्ये हवेतून बोलणारं काही नकोच असतं. आणि एकच बोर्ड कंपनी दोन तऱ्हेने विकते, वायफायचा आणि बिनवायफायचा. मागची पट्टी दोघांना तीच. म्हणून त्या गोल जागा.

"दुकानदार शहाणा आहे तुझा," मॅडम म्हणाल्या. "ते पैसे त्याने मेमरीत घातलेत."

मी म्हटलं, हो का. खोका माझ्या मांडीवरच होता. मला "हवेवर" आठवलं.

त्याच संध्याकाळी मी ते लिहिलेलं काढून टाकायला हवं होतं. मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काढायचं म्हणजे ती सहा वाक्यं पुन्हा उघडायची, आणि मला ती बघवत नव्हती. उद्या काढू म्हटलं. असे बरेच उद्या गेले.

मग उंदराने वायर कुरतडली. पोत्यांच्या खोलीत ते होणारच होतं. पप्पांना हिंगोलीला काम होतं, ते मला चाचांच्या दुकानाशी सोडून पुढे गेले. चाचांनी वायर बघितली, तुटका भाग कापला, नवा तुकडा जोडून दिला, पैसे घेतले नाहीत. मी निघणार, तेवढ्यात ते म्हणाले, "बेटा, दोन मिन्ट बसा. तुमी इंग्लिश मीडियमचे. एक काम हाय."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. जास्वंदीचं फूल.

"एका शाळेत पंचवीस मशीनं लावायचं माझं ठरलं होतं. काल सरांचा फोन आला, तुमच्याबद्दल काहीतरी लिहिलंय, येऊन सांगा. आज चार वाजता जायचं हाय. फोन मराठी करून देतो म्हने, पन हे बघा काय देतो. 'त्याने माझ्या आईच्या फळ्यातून पत्र काढले.' किसकी माँ? कोनता फळा? घरच्या पोरांना दाखवायची लाज वाटते. तुमी वाचून सांगा, म्हंजे मी जबाब तयार करतो."

मी फोन धरला.

"लिहिलंय की," मी म्हटलं, "मशीनमध्ये वायफाय नव्हतं. त्यांना ते हवं होतं."

"इतकंच? ओळी तर बहुत दिसून राहिल्या."

"तेच परत परत लिहिलंय."

"खराब काही न्हाई ना? चोरबिर?"

"नाही," मी म्हटलं.

चाचांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग सोपं हाय. बोर्डच तसा असतो, समजावून सांगू. मी समजलो, काय मोठं संकट." त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. तो मी प्यायले.

परत येताना औंढ्याच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा मी ते काढून टाकलं. एका बोटाचं काम. मला वाटलं, संपलं.

आठवड्याने पप्पा हिंगोलीहून आले आणि जेवताना म्हणाले, "चाचाचं शाळेचं काम गेलं. नांदेडच्या एकाला दिलं." मी घास तसाच धरला. पप्पा सांगत होते. चाचा शाळेत जाऊन म्हणाले, फक्त वायफाय नव्हतं एवढंच लिहिलंय. सर म्हणाले, तुम्ही आम्हाला खोटं सांगता? त्यांच्याकडे कागदावर छापून ठेवलेलं होतं. वर, संध्याकाळी बघितलं तर इंटरनेटवरचं गायब, म्हणजे ह्यांनीच दबाव आणून काढायला लावलं. "कोन लिहितं असं?" पप्पा म्हणाले. "समोर येऊन बोलावं की."

मी सांगितलं. सगळं, चाचांना खोटं वाचून दाखवलं तेसुद्धा. आईने भाकरी तव्यावरच ठेवली. पप्पांनी ताटात हात धुतला, अर्धी भाकरी तशीच.

"सकाळी जाऊ," एवढंच म्हणाले.

सकाळी चाचांच्या दुकानात मी पहिल्यांदा पप्पांच्या पुढे उभी राहिले आणि म्हटलं, "चाचा, ते मी लिहिलं होतं."

"मालूम हाय," चाचा म्हणाले. त्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता, तो त्यांनी जागेवर ठेवला. "त्याच दिवशी समजलं. वाचनाऱ्याचे डोळे ओळीवर फिरतात, बेटा. तुमचे डोळे एका जागी होते. पाठ असल्यागत."

"मग तुम्ही शाळेत तसं का सांगितलं?"

"मी म्हटलं, पोरीनं रागात लिहिलं असंल, आता लाज वाटून राहिली. पन चोर न्हाई लिहिलं म्हनली, तर न्हाई लिहिलं असंल. तेवढं तर खरं सांगंल." त्यांनी गल्ल्याखालून चौघडी केलेला कागद काढला. शाळेने दिलेला, माझं लिहिलेलं छापलेला. "मी कुनाकडून वाचून घेतला न्हाई. आता पूरा वाचा."

मी वाचलं. इंग्रजीतून मराठीत, एकेक वाक्य. चोरलं, तिथे चोरलंच म्हटलं. शेवटच्या वाक्याला मी थांबले.

"पुढं," चाचा म्हणाले.

मी ते मुलींबद्दलचं वाक्यही वाचलं. पप्पा दाराकडे तोंड करून उभे होते. चाचांनी त्या स्टुलाकडे बघितलं, ज्यावर त्यांनी मला बसवलं होतं.

"वायरीवर की हवेवर इचारलं तवा तुमी मान हलवली होती," ते म्हणाले. "ती कशाची?"

"मला समजलं नव्हतं."

"मग इचारायचं की, बेटा. मी काय खाऊन टाकलं असतं?"

त्याच काउंटरपुढे बसून मी शाळेला मराठीत पत्र लिहिलं, खाली माझं पूर्ण नाव आणि पत्ता. पप्पा आणि मी ते घेऊन गेलो. सरांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, बरं झालं सांगितलंत, पण काम आता दिलेलं आहे. नकाशावर मी पुन्हा लिहिलं, माझ्या नावाने, काय चुकलं ते. ते उपयोगी वाटल्याची खूण आजवर दोघांनीच केली आहे. त्यातले एक पप्पा.

दोन महिन्यांपूर्वी मी चाचांकडे गेले होते, मशीनचा पंखा बदलायला. माझ्याआधी एक मुलगी आली होती, तिचे वडील स्टुलावर, ती मागे. चाचांनी वडिलांना उठवलं, तिला पुढे बसवलं. मला वाटलं होतं, माझ्यानंतर ते हे करणार नाहीत. कागदावर लिहीत लिहीत ते त्या प्रश्नाशी आले, वायरीवर की हवेवर, आणि हवेवर म्हणजे वायफाय हेही त्यांनी सांगितलं. मुलीने मान हलवली.

"मान नका हलवू, बेटा," चाचा म्हणाले. "तोंडानं सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी हातातला पंखा उगाच उलटा-सुलटा करून बघत राहिले.