मिलिट्रीच्या गाडीचं पुस्तक

लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या मामंजींनी बेळगावच्या कॅम्पातल्या लिलावातून एक जीप घेतली. मामंजी म्हणजे माझे सासरे. निपाणीत आमची तंबाखूची वखार होती आणि शेतं गावापासून चार-पाच मैलांवर, काळ्या रानात. पावसाळ्यात तिकडे बैलगाडी आसापर्यंत रुतायची. मिलिट्रीच्या या गाडीची चारही चाकं ओढतात, ती चिखलातनं, ओढ्यातनं कुठनंही जाते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. घरात कुणाला न विचारता ते गेले आणि गाडी घेऊनच आले.

मला त्या घरात येऊन सहा महिने झाले होते. वय एकोणीस. माहेर बेळगावच्या टिळकवाडीतलं, वडील शाळामास्तर, त्यामुळे मॅट्रिकपर्यंत शिकलेली. त्या शिक्षणाचा सासरी तोवर कुणाला काही उपयोग झाला नव्हता. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना सासूबाई म्हणायच्या, शिकलेली आहे, पण भाकऱ्या बऱ्या करते.

गाडी आली तेव्हा सगळी गल्ली बघायला लोटली. मळकट हिरवा रंग, दारं नाहीत, वर ताडपत्रीचं छत आणि चालवणारा बसायचा तो भलत्याच, डाव्या बाजूला. गाडीबरोबर दोन गोष्टी आल्या. एक ड्रायव्हर, खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, लढाईत ब्रह्मदेशात मिलिट्रीच्या गाड्या चालवून नुकताच परतलेला. दुसरं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, कडेनं तेलाचे डाग पडलेलं. गाडीची निगा कशी राखायची ते त्यात लिहिलं होतं. ड्रायव्हरला वाचता येत नव्हतं. माझ्या यजमानांचं इंग्रजी तारेपुरतं. मामंजींनी पुस्तक दोन दिवस उलटंसुलटं करून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंकडून निरोप दिला की सुनेनं वाचून सांगावं.

सासऱ्यांपुढे बोलायची तेव्हा रीत नव्हती. म्हणून मी माजघराच्या दाराआड पाट मांडून बसले, मामंजी सोप्यावर आणि ड्रायव्हर अंगणात गाडीपाशी. मी एक वाक्य वाचायची आणि मराठीत सांगायची. मामंजी तेच मोठ्यानं पुन्हा ड्रायव्हरला सांगायचे, जसं काही त्याला माझा आवाज ऐकूच गेला नव्हता. कितीतरी शब्द मला शाळेत कुणी शिकवले नव्हते. मी ते जसेच्या तसे उच्चारायची, मग ड्रायव्हर गाडीखाली शिरून म्हणायचा, हां, म्हंजे ह्यो. अशा रीतीनं मागच्या आसाच्या मधल्या लोखंडी गोळ्याला डिफरन्शल म्हणतात हे आम्हा तिघांनाही एकाच दुपारी कळलं.

सासूबाईंना वेगळीच काळजी होती. ग्रीसचा डबा उघडला तेव्हा त्यांनी वास घेतला आणि विचारलं, यात चरबी असते का ते पुस्तकात बघ. आम्ही जैन, घरात कांदालसूणसुद्धा येत नसे. मी सगळं पुस्तक चाळलं. ग्रीस कुठं लावायचं, किती दिवसांनी लावायचं, सगळं होतं. कशाचं करतात ते नव्हतं. खोटं बोलले असते तर विषय मिटला असता, पण मी म्हणाले, पुस्तकात लिहिलेलं नाही. त्यावर त्यांनी निकाल दिला की ग्रीसला ज्याचा हात लागेल त्यानं आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. शिवाय चातुर्मासात रस्त्यावर बेडूक असतात, तेव्हा गाडी बैलापेक्षा जोरात जायची नाही. ड्रायव्हरनं दोन्ही अटी मान्य केल्या. पुढं पावसात मी स्वतः पाहिलं, बेडूक दिसला की तो गाडी थांबवायचा आणि खाली उतरून त्याला हुसकायचा.

मृग लागला आणि काळं रान लोण्यासारखं झालं. रोज संध्याकाळी गाडी शेतावरून यायची ती ओळखू येत नसे. चाक आणि पत्रा यांच्यामध्ये चिखल असा घट्ट बसायचा की तो खुरप्यानं काढावा लागे. मग धुणं, मग प्रत्येक सांध्यात ग्रीस, मग ताडपत्री वाळवणं. ऊन नसलं की ती चुलीमागच्या भिंतीला टांगायची. सगळ्या घराला ओल्या ताडपत्रीचा वास आणि भाताला धुराचा.

एका दिवशी वाचताना असं आलं की गाडी पाण्यातून गेली असेल तर डिफरन्शलचं तेल तपासावं. आत पाणी शिरलं तर तेल पांढरं होतं. ड्रायव्हर म्हणाला, ब्रह्मदेशात आम्ही नद्या पार केल्या, असलं काही केलं न्हाय. मामंजींनी माझ्याकडे, म्हणजे दाराकडे, पाहिलं. मी दाराआडूनच म्हटलं की उघडून बघायला काय हरकत आहे. तो जरा घुश्शातच गाडीखाली शिरला, बूच फिरवलं, आणि खालच्या पातेल्यात तेल पडलं ते चक्क ताकासारखं. मला राहवलं नाही. मी दाराबाहेर आले, अंगणात उतरले आणि पातेल्यात वाकून पाहिलं. माझ्या डोईवर पदर होता, पण मी मामंजींच्या शेजारी उभी होते हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.  ते थोडे सरकले आणि मला नीट दिसेल अशी जागा केली. दुसऱ्या दिवसापासून पाट अंगणाच्या पायरीवर मांडला जाऊ लागला.

ड्रायव्हरला राग आला असेल असं मला वाटलं होतं. पण त्या दिवसानंतर तो काही नवीन आवाज आला की आधी मला येऊन सांगायचा. आवाज कसा आहे ते तो तोंडानं करून दाखवायचा आणि मी पानं उलटायची. सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या.

पंचमी जवळ आली. माझी नणंद वेदगंगेकडच्या एका खेड्यात दिली होती. तिला चार महिन्यांची मुलगी, आणि बाळंतपण सासरीच झालेलं, त्यामुळे सासूबाईंनी नातीचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. त्या वर्षी पाऊस असा लागून राहिला की तिकडच्या वाटेवर बैलगाडी चालेना. पंचमीला लेक येणार नाही असं धरून सासूबाईंनी लाडूसुद्धा वळायला घेतले नाहीत. तेव्हा मामंजी म्हणाले, जीप जाईल. लेकीला आणायला घरची बाई हवी, म्हणून मला पाठवायचं ठरलं. मुक्काम नाही, दिवस मावळायच्या आत परत, कारण आमच्यात अंधार पडल्यावर जेवत नाहीत.

वाटेत एकच ओढा मोठा होता. जाताना काठावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे एक दांडी ओढून पंख्याचा पट्टा सैल केला. पंखा फिरत राहिला तर तोच पाणी उडवून इंजिन भिजवतो. चारही चाकं जोडून तो हळूहळू पाण्यात उतरला आणि आम्ही पलीकडे गेलो. नणंदेच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा ती आधी घाबरली, कारण तिला वाटलं पोलीस आले. मला पाहून ती अशी हसायला लागली की तिच्या सासूनं तिला आत जायला सांगितलं.

परतताना उशीर झाला. ड्रायव्हर घाईत होता, पाणीही सकाळपेक्षा फार वाढलेलं दिसत नव्हतं. पट्टा सैल न करताच त्यानं गाडी ओढ्यात घातली. मला ते आठवलं तेव्हा आम्ही मधोमध होतो. पंख्यानं पाण्याचा फवारा मारला, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

पाणी गुडघाभरच होतं. तो उतरला, बॉनेट उघडलं आणि तसाच उभा राहिला. वाटेत चाकांतला चिखल काढून त्याचे हात कोपरापर्यंत भरलेले, आणि धुतले तरी ओलेच राहणार.

"वैनी, चुकलं माझं," तो म्हणाला. "आता ती टोपी पुसाय पायजे. कोरडं फडकं हाय काय?"

टोपी म्हणजे पाच वायरी जिथं एकत्र येतात ती काळी वाटी. ती आतून कोरडी नसेल तर ठिणगी पडत नाही, हे मीच त्याला वाचून दाखवलं होतं. पण पावसानं आमच्या अंगावरचं सगळं ओलं होतं. नणंदेनं बाळाभोवतीचं आतलं दुपटं सोडलं आणि माझ्या हातात दिलं. बाळाला तिनं आपल्या चोळीशी धरलं. मी साडी खोचून पाण्यात उतरले. दोन्ही बाजूंच्या पकडी सोडून मी टोपी काढली, आतून नीट पुसली, वायरींची टोकं पुसली, पुन्हा बसवली. या वेळी पट्ट्याची दांडी मी ओढली. ड्रायव्हरनं पायानं स्टार्टर दाबला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा इंजिन धडधडलं आणि नणंदेनं एवढ्या मोठ्यानं आरोळी ठोकली की बाळ रडायला लागलं.

पलीकडे चढल्यावर ब्रेक वाळावेत म्हणून तो त्यांच्यावर हलकाच पाय ठेवून बराच वेळ गाडी चालवत राहिला. तेही पुस्तकातलंच.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता, जेवणं व्हायला पुरेल इतका. सासूबाईंनी नातीला घेतलं, दुपट्यावरचा काळा डाग पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी आंघोळ कर, मग तुझ्या हातानं तिला काजळ घाल."

ते आठ दिवस घरात झोका होता, लाडू होते आणि रोज संध्याकाळी नणंद तोच ओढा नवीन माणसांना सांगत होती. तिच्या सांगण्यात पाणी रोज थोडं वाढायचं.

दसऱ्यानंतर वाटा वाळल्या. एका सकाळी मामंजी ड्रायव्हरला माझ्यासमोरच म्हणाले की हिला शिकव. कापणी झालेल्या रानात तीन आठवडे मी गाडी फिरवली, दोन बांध पाडले. दिवाळीला माहेरी जाताना निपाणी सुटल्यावर ड्रायव्हर बाजूला सरकला आणि मला जागा दिली. मागं यजमान दोन्ही हातांनी दांडा धरून बसले होते. टिळकवाडीत आमच्या फाटकापाशी मी भोंगा वाजवला. वडील कुणी लष्करी साहेब आला समजून कोट चढवत बाहेर आले, आणि मला पाहून त्यांचा एक हात बाहीतच राहिला.