कूलरसमोरची पहिली खुर्ची

किस्से केळीच्या घडासारखे असतात. एक फणी कापायला जावं, तर तिच्याखाली दुसरी दिसते, दुसरीखाली तिसरी. आमच्या नशिराबादच्या घरी मोटारींची रेस बघायला जी मंडळी जमतात, त्यांच्या किश्शांचा असाच घड झाला आहे. वेळेवर उतरवला नाही तर झाडच वाकायचं!

सुरुवात साधी होती. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि रेस बघायचा नाद इथेच ठेवून गेला. फोनवर त्याच्याशी बोलायला विषय हवा, म्हणून आम्ही दोघं बघायला लागलो. आता तोच म्हणतो, "आई, मला ऑफिसला उशीर होतोय. त्या गाडीच्या दंडाचं आपण संध्याकाळी बोलू."

रेस रविवारी असते, पण खरी मजा शनिवारी. शनिवारी क्वालिफाइंग. प्रत्येक ड्रायव्हरने एकट्याने जोरात एक फेरी मारायची. ज्याची फेरी सगळ्यात वेगवान, तो रविवारी सगळ्यांच्या पुढे उभा राहणार. त्या पहिल्या जागेला पोल म्हणतात. बाकीचे त्याच्यामागे, आपापल्या वेळेप्रमाणे. त्या रांगेला ग्रिड म्हणतात. आणि कुणी काही चूक केली असेल, तर त्याला रांगेत मागे ढकलतात. तो ग्रिडचा दंड.

आमचा हॉल लांबट आहे. टोकाला टीव्ही, त्याच्याशेजारी कूलर. ह्यांनी एकदा तिथून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चार खुर्च्या एकामागे एक मांडल्या, थोड्या डावीउजवीकडे सरकवून, आणि म्हणाले, "हा आपला ग्रिड." प्रत्येकाने एक ड्रायव्हर निवडायचा. शनिवारी ज्याचा ड्रायव्हर पुढे, तो रविवारी पुढच्या खुर्चीवर. तिकडे जितक्या जागांचा दंड, तितक्या खुर्च्या इकडेही मागे.

हसू नका. मे महिन्यात आमच्याकडे कूलरसमोरची खुर्ची आणि चौथी खुर्ची ही दोन वेगळी गावं असतात.

मंडळी चारच. एक आमचे हे, त्यांचं ट्रॅक्टरच्या पार्ट्सचं दुकान आहे. दुसरे त्यांचे मित्र संजूभाऊ, भुसावळला रेल्वेचं इंजिन चालवतात. तिसऱ्या माझ्या नणंद कल्पनाताई, त्या धुळ्याहून येतात. आणि चौथे नाना, ह्यांचे चुलते. नानांचं सगळं आयुष्य सावद्याहून दिल्लीला केळीचे ट्रक नेण्यात गेलं. मी ड्रायव्हर निवडला नाही, म्हणून मला पंच केलं. माझी जागा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात, आणि माणूस लबाडी करायला लागला की आधी त्याच्या पाठीला कळतं.

* * *

पहिला दंड कल्पनाताईंना झाला. त्या एका शनिवारी सकाळीच आल्या, पिशवी ठेवली आणि पहिल्या खुर्चीवर रुमाल टाकला. बसच्या खिडकीतून टाकतात तसा.

मी म्हटलं, ताई, अजून क्वालिफाइंग व्हायचंय.

त्या म्हणाल्या, धुळ्याहून इथपर्यंत रुमाल टाकूनच बसून आले, कुणी हरकत घेतली नाही.

मी तीन खुर्च्यांचा दंड दिला. ताई चिडल्या की अहिराणीत येतात. "बठ्ठा नियम मनासाठेच शेतस का?" म्हणजे, सगळे नियम माझ्यासाठीच आहेत का?

पुढच्या वेळी त्या माझ्यासाठी कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या आणि जुन्या दंडाचं काही होतं का, असं हळूच विचारलं. मी लोणचं ठेवून घेतलं आणि दंडही ठेवला.

* * *

संजूभाऊ शांत माणूस, पण रेस सुरू होताना त्यांना बघवत नाही. तिथे वर पाच लाल दिवे एकेक करून लागतात. पाचही लागले की सगळ्या गाड्या श्वास रोखून उभ्या. मग दिवे एकदम विझतात आणि सगळे सुटतात. हिरवा दिवा नाहीच.

संजूभाऊ खुर्चीचे हात घट्ट धरून बसतात. रेल्वेत विझलेला सिग्नल म्हणजे लालच समजायचा, ही त्यांची आयुष्यभराची शिकवण. दिवा विझला की त्यांचा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागतो, आणि समोर वीस माणसं नेमकी तेव्हाच गाडी सोडतात!

एकदा मागच्या खुर्चीवरून नाना म्हणाले, "एवढ्या एका दिव्याले काय भेतो रे संजू?"

आम्ही सगळे हसलो. संजूभाऊ मात्र घाम पुसत म्हणाले, "नाना, यातला एकही जण भुसावळात नोकरीला टिकला नसता."

* * *

इंजिन बदललं तर दंड का, यावर आमच्याकडे वर्षभर वाद चालला. वर्षात ठराविकच इंजिनं वापरायची, जास्तीचं लावलं की रांगेत मागे, असा नियम आहे. ह्यांचा ड्रायव्हर शनिवारी पहिला आला. रविवारी हे दुपारीच अंघोळ करून, पांढरा सदरा घालून पहिल्या खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने बातमी आली, त्याच्या गाडीला नवीन इंजिन टाकलं, ड्रायव्हर शेवटी.

ह्यांचं म्हणणं, जुनं इंजिन खराब झालं तर नवीन टाकू नये का? मग दुकानं चालायची कशी? संजूभाऊंचं म्हणणं, इंजिन बिघडलं की मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात, दंड कमीच आहे.

मग नाना बोलले. "माहं इंजिन एकदा ग्वाल्हेरच्या पुढे बसलं. ते उतरवून चढवेपर्यंत मागे केळी पिवळी झाली. मले पंचाची गरज नाही पडली. केळीनंच दंड देला."

हे मुकाट्याने उठले आणि चौथ्या खुर्चीवर जाऊन बसले.

* * *

पोलवर बसणाऱ्याने कूलरमध्ये पाणी भरायचं, हा आमचा घरचा नियम. फुकट वारं खायचं नाही. आणि दुसऱ्या कुणी बादलीला हात लावायचा नाही.

एकदा हे पोलवर बसले आणि पाणी विसरले. रेस रंगात आली तेव्हा कूलरमधून भट्टीसारख्या झळा यायला लागल्या. मी पाच खुर्च्यांचा दंड दिला. आता खुर्च्या चारच. कल्पनाताई म्हणाल्या, मग पाचवी जागा ओट्यावर.

हे बिचारे बाहेर ओट्यावर बसून खिडकीच्या गजांतून रेस बघत होते. समोरचे गुरुजी फिरून परत येत होते. ते थांबले, ह्यांच्याकडे बघितलं, आतल्या चौघांकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, काही वाद असेल तर मी बोलू का वहिनींशी?"

* * *

आता नानांचं सांगते.

नानांनी गाडी निवडली ती रंगावरून. कच्च्या केळीसारखी हिरवीगार. शनिवारी हळू गाड्या टप्प्याटप्प्याने गाळत जातात, आणि ही इतकी हळू, की पहिल्याच गाळणीत बाद व्हायची. त्यामुळे चौथी खुर्ची नानांचीच. बाकी तिघांनी पुढच्या पाडव्याला ड्रायव्हर बदलले, नानांनी बदलला नाही. भरलेला ट्रक मध्येच सोडून दुसऱ्यावर चढत नसतात, म्हणाले.

पण नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चौथ्या खुर्चीवरून त्यांना काय दिसायचं, देव जाणे. अख्खी रेस विचारत राहायचे, माही हिरवी कुठी आहे? आम्ही सांगायचो, मागे आहे नाना. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशनला उशीर करू नका. नाना टाळायचे. पुढची खुर्ची देऊ केली तर तीही घ्यायचे नाहीत. दान मिळालेल्या पोलवर बसू का, म्हणायचे.

एकदा कल्पनाताई हटून बसल्या, आज तारीख सांगाच. तेव्हा नानांनी सगळ्यांसमोर शब्द दिला. "ज्या दिवशी मी हक्कानं पहिल्या खुर्चीवर बसंन, त्याच्या दुसऱ्या दिवशी जळगावले चाला."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हिरव्या गाडीला सगळेच ओळखत होतो. म्हातारा साफ नाही म्हणाला होता.

* * *

आणि या मे महिन्यात तिकडे, ऐन क्वालिफाइंगमध्ये, पाऊस आला. मोठमोठे ड्रायव्हर घसरले, कुणी वाळूत, कुणी भिंतीत. ट्रॅक वाळत असताना हिरवी गाडी सगळ्यात शेवटी फेरीला उतरली, एकच फेरी मारली आणि पहिली आली.

घरात कुणी ओरडलं नाही. आम्हाला खोटं वाटत होतं. नानांनी दोनदा विचारलं, माहीच ना? मग टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. रात्री कल्पनाताईंनी नानांचे डॉक्टरांचे कागद काढून पिशवीत भरले.

रविवारी सकाळी मुलाचा फोन आला. हिरव्या गाडीने मागून जोरात येणाऱ्याला वाट दिली नाही, म्हणून तीन जागांचा दंड.

पहिल्यावरून तीन मागे, म्हणजे चौथी खुर्ची. नानांची नेहमीची.

हे म्हणाले, नानांना सांगू नकोस. संजूभाऊ म्हणाले, वहिनी, आजचा दिवस राहू द्या. कल्पनाताई तर माझा हात धरून बसल्या. पण रुमालाला दंड द्यायचा, पाण्याला दंड द्यायचा आणि इथे डोळे झाकायचे, हे मला जमणार नव्हतं. संध्याकाळी नाना धुतलेलं धोतर नेसून आले. मी दारातच सांगितलं.

 नानांनी एवढंच विचारलं, "मागच्याले साइड देली नाही?"

मी म्हटलं, नाही दिली, नाना.

"मंग दंड बरोबर आहे. साइड द्यायलेच पाह्यजे." आणि ते सरळ चौथ्या खुर्चीवर जाऊन बसले.

पुढे संजूभाऊ, मग हे, मग कल्पनाताई. सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. गाड्या ग्रिडवर लागत होत्या. मी उंबऱ्यावरून तीन पाठी बघत होते आणि तिन्ही पाठी काहीतरी ठरवत होत्या.

आधी संजूभाऊ उठले. चपला घातल्या, फाटकाच्या बाहेर गेले, फाटक लावलं, पुन्हा उघडलं आणि आत आले. ज्यांना पाहून गल्लीतली माणसं घड्याळ लावतात, ते संजूभाऊ माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "वहिनी, मी आज उशिरा आलो."

मी म्हटलं, उशिरा येणारा सगळ्यांच्या मागे. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि नानांच्या मागे नेऊन ठेवली.

आता हे पहिले. ह्यांनी इकडेतिकडे बघितलं, पाय लांब केला आणि अंगठ्याने कूलरच्या टाकीचं बूच ओढलं. सगळं पाणी हॉलमध्ये! पाच खुर्च्यांचा दंड. मी काही म्हणायच्या आतच ते ओट्यावर पोचले होते.

राहिल्या कल्पनाताई. त्यांनी कमरेचा रुमाल काढला, समोरच्या रिकाम्या जागी आपली खुर्ची सरकवली, तिच्यावर रुमाल पसरला, नीट चारी कोपरे सरळ केले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दे दंड."

मी दिला.

नाना सगळं ऐकत होते. हळूच मागे वळले. "पोरी, हे नियमात बसते का?"

"बसतं नाना. तिघांनी माझ्या डोळ्यांदेखत गुन्हे केले."

नाना उठले. आधी खुर्चीकडे गेले नाहीत. बादली घेतली, हौदावरून पाणी आणलं आणि कूलर भरला. तीन खेपा झाल्या. कुणी बादलीला हात लावला नाही. नियम होता. मग रुमालाची घडी करून त्यांनी ती कल्पनाताईंना परत दिली आणि पहिल्या खुर्चीवर बसले.

कल्पनाताई मागून म्हणाल्या, "नाना, उद्या जळगाव."

"शब्द देला ना," नाना म्हणाले.

खिडकीच्या गजांना ह्यांचं नाक टेकलेलं. मागे संजूभाऊंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. टीव्हीवर लाल दिवे लागायला सुरुवात झाली. एक. मग दुसरा. मग तिसरा.

नाना पुढे वाकले. आणखी वाकले. टीव्हीपासून हातभर अंतरावर त्यांचं तोंड गेलं.

"संजू," ते म्हणाले, "हे दिवे पाच आहेत व्हय रे?"