बटाट्याचं गाणं

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईंचा आवाज इतका खणखणीत, की सगळे त्यांना भोंगाबाई म्हणत. बाईंनाही त्याची गंमतच वाटे. त्या आवाजामुळेच युद्धस्मारकावर दर वर्षी मानवंदनेचं गाणं म्हणायचा मान त्यांच्याकडे चालत आला. अकरा वर्षं त्या एकच करुण गाणं गात होत्या. पुढच्या रांगेतले निवृत्त सैनिक ताठ बसून ऐकत आणि मुकाट्यानं घरी जात.

बाराव्या वर्षी, कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, एक टकले आजोबा त्यांच्या खिडकीशी आले. युद्धात ते तुकडीचे आचारी होते.

"बाई, गळा सोन्यासारखा आहे तुमचा. पण दर वर्षी रडवता हो! गेलेले आमचे दोस्त होते, महाखोडकर. त्यांचं गाणं गा की एकदा."

"मला कुठं येतं ते?"

"मी शिकवतो."

मग रोज दुपारी, दोन घोषणांच्या मधे, खिडकीतून तालीम चाले. एकदा बाई माइक बंद करायला विसरल्या आणि अख्ख्या स्थानकानं ऐकलं: "सोल रे गड्या, बटाटे सोल, आचाऱ्याच्या टकलासारखे गोल!" एक प्रवासी हसता हसता भलत्याच गाडीत चढला. तिसरं कडवं मात्र आजोबांना काही केल्या आठवेना.

कार्यक्रमाच्या दिवशी करुण गाणं झालं, दोन मिनिटं शांतता पाळून झाली. समितीचे अध्यक्ष आभार मानायला उठायच्या आत बाईंनी डोळे मिटून सूर लावला. पहिल्या ओळीला कुणी हललं नाही. दुसरीला एक काठी फरशीवर वाजली, मग दहा वाजल्या, आणि बघता बघता सगळी रांग घसा फोडून गायला लागली.

दोन कडवी संपली. बाई थांबल्या. तेवढ्यात मागून एक आजी उठल्या.

"थांबता काय? मीठ कमी, गड्या, मीठ कमी, तरी घरी जायची देतो हमी!"

"तुम्हाला कसं येतं हे?" आचारी ओरडले.

"आमच्या ह्यांनीच रचलंय. परत आल्यावर चाळीस वर्षं माझ्या भाजीला हेच ऐकवलं!"

"म्हणजे मीठ तुमचंही कमीच!"

"कमी कुठलं? जिभेची सवय तुम्ही बिघडवलेली!"

हसून हसून आचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आभाराचा कागद खिशात कोंबत अध्यक्ष म्हणाले, "आजी, तिसरं कडवं पुन्हा एकदा होऊ द्या."