आठ तारांचे रंग

“ताई, पहिला कुठला?” असं म्हणत आमचे नेटवर्कवाले काका लॅनच्या वायरचं सोललेलं टोक माझ्या टेबलावर धरायचे. आत आठ बारीक तारा. मी “पांढरा-नारिंगी” म्हणायचे, मग “नारिंगी”, मग “पांढरा-हिरवा”. निळी जोडी मात्र ते मला न विचारता स्वतःच लावायचे. आठही तारा ओळीत आल्या की कनेक्टरमध्ये सारून पकडीने दाबायच्या, की वायर तयार.

वर्तकनगरच्या आमच्या कॉलेजात ते नेटवर्कचं काम बघायचे आणि मी ऑफिसात प्रवेशाचे अर्ज. तेव्हा पंचेचाळिशीचे, बाह्या दुमडलेल्या, शर्ट कायम पांढरा. तुमच्याही ऑफिसात असा एकजण असेल, काही बंद पडल्याशिवाय ज्याची कुणाला आठवण होत नाही. “नेट गेलं” अशी हाक आली की त्यांना राग यायचा. बहुतेक वेळा नेट जागेवर असायचं, लॅन, म्हणजे कॉलेजातल्या कॉलेजात कंप्युटर जोडणारं जाळं, गेलेलं असायचं. प्राचार्यांनाही त्यांनी एकदा शांतपणे ऐकवलं, “सर, लॅन म्हणजे आपलं घर, इंटरनेट म्हणजे बाहेरचा रस्ता. प्रिंटर घरातच आहे, त्याच्यासाठी रस्त्याला कशाला नावं ठेवता?” पुढे काही दिवस प्राचार्य पंखा बंद पडला तरी लॅन गेलं म्हणायचे.

शिकवायची हौस दांडगी. कंप्युटर एकमेकांना जोडणारा जुना हब म्हणजे एकाचा निरोप सगळ्या चाळीला ओरडून सांगणारा, आणि स्विच म्हणजे ज्याचं पत्र त्याच्याच दारात टाकणारा, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. दोन कंप्युटरना चुकून एकच आयपी पत्ता दिला गेला की दोन्ही अडून बसायचे. मग ते आपल्या वहीतली यादी काढून एकाला नवा पत्ता द्यायचे. मला रंग विचारणं हाही शिकवण्याचाच भाग, असं मी वर्षभर समजत होते.

मग मी दोन दिवस रजेवर गेले. परत आले तर माझ्या टेबलाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात वायरची सात-आठ टोकं कापून टाकलेली. उचलून पाहिली. निळी जोडी सगळ्यांत बरोबर होती, पण हिरव्याच्या जागी तपकिरी आणि तपकिरीच्या जागी हिरवा. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. त्यांना हे रंग वेगळे दिसतच नव्हते. टोकं मी परत डब्यात टाकली. त्या दिवसापासून त्यांनी विचारायच्या आधीच मी रंग सांगायला लागले. अशी दहाएक वर्षं गेली.

पुढे माजिवड्याला कॉलेजची नवी इमारत झाली आणि नेटवर्कचं सगळं काम बाहेरच्या एजन्सीकडे गेलं. जुन्या माणसांना एजन्सी ठेवणार होती, पण आधी प्रत्येकाने तिच्या साहेबासमोर एक वायर करून दाखवायची. या वयात आपल्याला दुसरीकडे कोण घेणार, हे काका दोनदा बोलून गेले. आदल्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, काका, रंगांचं त्यांना आधीच सांगून टाका, बाकी सगळं तर तुम्हाला येतं.

“मी तर तुम्हालाही सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले.

परीक्षा काचेच्या केबिनमध्ये होती, माझ्या टेबलासमोरच. साहेब तरुण होता, घड्याळ लावून बसलेला. काकांनी वायर सोलली, निळी जोडी मधे धरली आणि थांबले. मग मान वर करून त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. पुढची तार कुठली ते मी नुसतं बोटाने दाखवलं असतं तरी भागलं असतं. पण साहेबही माझ्याकडे बघायला लागला, आणि नोकरी मलाही टिकवायची होती. मी मान खाली घालून अर्ज चाळत बसले.

थोड्या वेळाने ते बाहेर आले. वायर अर्धीच राहिली होती. साहेबाला खरं काय ते सांगितलं म्हणाले. तो नीट बोलला, कळवतो म्हणाला.

मग मला म्हणाले, “बरं झालं ताई, तुम्ही वर बघितलं नाहीत. नाहीतर मी परत रंग विचारला असता.”

त्यांना कुणी काही कळवलं नाही. ते आता डोंबिवलीला घरीच असतात, असं शिपायाकडून समजलं. नव्या इमारतीत लॅन उत्तम चालतं. त्यांच्या त्या बोलण्याने मला हलकं वाटायला हवं होतं, पण शरमच वाटली, अजून वाटते. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.