पोळ्यात गेलेली साखर

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वाकडं येतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याची आधीच माफी मागते. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. पण कुणाच्या हाती पडलीच, तर काका कसे होते ते त्याला कळावं म्हणून सावकाश लिहिते आहे.

मधमाश्यांची पेटी उघडण्याआधी काका झाकणावर बोटाने दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "अंदर आऊं क्या?" मग थोडं थांबायचे, जणू आतून कुणी हो म्हणणार आहे. माझ्याशी मराठी बोलणारा माणूस माश्यांशी हिंदीत का बोलतो, असं मी एकदा भीतभीत विचारलं. ते म्हणाले, "ताई, ह्या मुरैनाहून आणल्यात. यांना मराठी कुठून कळणार?" चेहरा असा गंभीर, की तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही ते खरं वाटलं असतं.

राजेंद्र नगरात त्यांच्याकडे मी आधी पोळ्या करायला जायची. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकांचे वडील महूला फौजेत होते, त्यामुळे घरात सगळं ओळीत. चपला ओळीत, डबे ओळीत. कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्यांनी पेट्या घेतल्या, त्याही शेतात दोरी लावून ओळीत मांडल्या. माश्या मात्र वाटेल तशा उडायच्या. काका म्हणायचे, "यांची परेड बाकी है अभी."

एकदा त्यांनी मला पेटीतली चौकट धरायला सांगितली. मी घाबरून श्वास रोखून उभी राहिले. एकही माशी चावली नाही. "तुम्ही बोलत नाही ना, म्हणून त्यांना आवडलात," काका म्हणाले. मी बोलत नाही याबद्दल जन्मभर बोलणी खाल्ली होती. त्याबद्दल चांगलं म्हणणारे ते पहिलेच. त्या दिवसापासून मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून, माश्यांना शांत करायचा धुराचा डबा मांडीवर घेऊन, देपालपूरच्या रस्त्यावरच्या शेतात जाऊ लागले.

एका वर्षी मार्च संपता संपता सुदामा नगरातल्या दुकानवाल्या भाभीजींनी पोळ्यासकट मध मागितला. लाकडाच्या छोट्या चौकटीत माश्यांनी स्वतः बांधलेलं पांढरं पोळं, तसंच्या तसं विकायचं. सोळा चौकटींचे आठ हजार त्यांनी आगाऊ दिले. काकांनी त्यातून चौकटी, मेणाचे पातळ पत्रे आणि एक नवी पेटी घेतली. माश्या विकणारा मुरैनावाला फोनवर हसला. सरसोंची फुलं केव्हाच संपली, अब कौन बनाएगी छत्ता, म्हणाला.

काकांचं म्हणणं असं, की माशी नवं मेण काढते ते दोनच कारणांनी. घरात दाटी हवी आणि बाहेर फुलं हवीत. फुलं होती. शेतवाल्याने गुरांच्या चाऱ्यासाठी लावलेल्या बरसीमचा एक तुकडा बियांसाठी न कापता ठेवला होता, तो फुलला होता. दाटी काकांनी केली. दोन पेट्यांच्या मध्ये वर्तमानपत्र घालून त्या एकावर एक ठेवल्या. माश्या कागद कुरतडेपर्यंत दोन्हीकडचा वास एक झाला, भांडण झालं नाही. मग सगळ्यांना एकाच पेटीत दाटून बसवलं आणि वर छोट्या चौकटींचा मजला चढवला.

दहा दिवस एकही माशी वर गेली नाही. काकांनी जुन्या पोळ्याचा एक तुकडा मधल्या चौकटीत बांधला. "नव्या घरात पहिलं कुणीतरी ओळखीचं लागतं," म्हणाले. तीन दिवसांनी त्या तुकड्याभोवती पांढरं मेण दिसलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. साखर विसरले. मी तसाच प्यायले.

अर्ध्या चौकटी बांधून झाल्या आणि काकांच्या छातीत दुखू लागलं. नऊ दिवस दवाखान्यात होते. खाटेवरून मला एवढंच म्हणाले, की पेटीपुढे पाणी ठेवा, बाकी कशाला हात लावू नका.

मी बसने जायची. त्याच दिवसांत गरम वारा सुटला, बरसीम सुकायला लागलं. माश्या दारात पंख हलवत बसून राहायच्या. खाली पाच-दहा मेलेल्या दिसायच्या. मला वाटलं, उपाशी आहेत. पावसाळ्यात फुलं नसली की काका साखरेचं पाणी ठेवतात, ते मी पाहिलं होतं. मी घरची साखर नेली, आणखी विकत आणली, रोज पाक करून डबा पेटीत उपडा ठेवला. रोज डबा रिकामा व्हायचा. मला इतका आनंद व्हायचा, की परत येताना बसमध्ये मी एकटीच हसायची.

काका आले तेव्हा सोळाच्या सोळा चौकटी भरून वरून पांढऱ्या मेणाने बंद झाल्या होत्या. त्यांनी एक उन्हात धरली. डोळे भरून आले त्यांचे. मग कोपरा कापून जिभेवर ठेवला. दुसरी कापली. तिसरी कापली. धुऊन उपडा घातलेल्या पाकाच्या डब्याकडे पाहिलं. बरसीमच्या मधाला हलका वास असतो. याला काहीच नव्हता, नुसता गोडवा होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी घातलेली साखर माश्यांनी खाल्ली नव्हती, वर नेऊन भरली होती.

"हे आपण विकायचं नाही," काका एवढंच म्हणाले. मला एका शब्दाने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगायचं म्हणून तोंड उघडायची आणि ताटात पोळी वाढून परत यायची.

भाभीजींना त्यांनी सांगितलं ते मला बाहेर ऐकू आलं, की साखर स्वतःच्याच हातून गेली, पैसे परत करतो. दर महिन्याला पाचशे नेऊन द्यायचे. दुकानाच्या वहीत स्वतः लिहायचे, सरळ ओळीत. मी बाहेर स्कूटरपाशी उभी राहायची.

पुढच्या हंगामात वरचा मजला चढवताना त्यांनी नेहमीसारखी टकटक केली. मग माझ्याकडे न बघता माश्यांना म्हणाले, "सुनो, ऊपर की मंज़िल चढ़ी हो और कोई शक्कर दे, तो मना कर देना. देनेवाले का दिल मत दुखाना, बस मना कर देना."

मी धुराचा डबा घेऊन तशीच उभी राहिले. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

दहा हप्ते झाले आणि काका गेले. सकाळी मी पोळ्या करायला गेले तर दाराशी शेजारची माणसं. चपला ओळीतच होत्या. पुतण्याने घराला कुलूप लावलं, पेट्या विकल्या. एक पेटी तुम्ही ठेवा म्हणाला. तीन हजार राहिले होते, ते त्याला ठाऊक नव्हतं. मलाच ठाऊक होतं.

पेटी त्याच शेतात ठेवली. यंदा एप्रिलमध्ये बरसीम फुलल्यावर मी काकांसारखंच सगळं केलं. पुतण्याने विकलेल्यांतली एक पेटी शेतवाल्याने घेतली होती, ती मागून मध्ये कागद घातला, दाटी केली, जुना तुकडा बांधला. वारा सुटला, माश्या दारात बसून राहिल्या. मी पाणी ठेवलं आणि हात मागे बांधून बसले. ते फार कठीण गेलं. सोळा चौकटींतल्या सहाच भरल्या.

त्या सहा घेऊन पहिल्यांदा मी दुकानाच्या आत गेले. भाभीजींनी एक नाकाशी धरली, कोपरा चाखला, मान हलवली. म्हणाल्या, "बहुत बढ़िया है. पाँच सौ के हिसाब से तीन हजार हुए. नकद दूँ?"

मी म्हणाले, "काकांच्या नावावर लावा. ती साखर मी घातली होती."

भाभीजींनी चौकट खाली ठेवली. "पर वो तो कहते थे, मेरे हाथ से गई."

"हो," मी म्हणाले. "ते तसंच म्हणायचे."

त्यांनी वही काढली, काकांचं पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. दहा ओळी होत्या, सगळ्या सारख्या, सरळ. मी पेन घेतला. अक्षर वर चढत गेलं. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली मी लिहिलं, 'सहा चौकटी दिल्या. बाकी काही नाही.'