आजी जेवत का नव्हत्या

तळा गावातल्या एका छोट्या दवाखान्यात मी नर्स आहे. दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान पेशंट कमी असतात. त्या वेळात मी आणि साफसफाई करणाऱ्या आमच्या मावशी डबा खाता खाता मोबाईलवर एक हिंदी मालिका बघायचो, मोठ्या हॉस्पिटलातली. मी सारख्या चुका काढायची. त्यातले सर्जन स्वतःच रक्त काढतात, स्वतःच स्ट्रेचर ढकलतात, मग नर्सला काय काम? मावशी म्हणायच्या, "सिस्टर, गप बघा ना."

एका भागात मोठे सर्जन ऑपरेशन सुरू करण्याआधी थांबले आणि खोलीतल्या प्रत्येकाला विचारू लागले, कुणाला काही सांगायचंय का? अगदी ट्रॉली ढकलणाऱ्यालासुद्धा.

मी हसले. "आपल्याकडे कोण विचारतंय असं?"

मावशी डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "इचारीत न्हाय, म्हनून कोन सांगत न्हाय."

पुढच्याच आठवड्यात खाडीकाठच्या एका गावातल्या आजी पायाची जखम चिघळली म्हणून दाखल झाल्या. साखर खूप वाढलेली. मुलगा आखातात नोकरीला, लेक सासरी, घरी एकट्याच. शेजाऱ्यांनी घाईघाईत रिक्षात घालून आणलं होतं. आम्ही इन्सुलिन सुरू केलं, पण आजी जेवेनात. समोरच्या खानावळीतून चपाती, उसळ, भात यायचा. त्या वरणाचं पाणी तेवढं प्यायच्या, बाकी ताट तसंच परत. विचारलं की पदर तोंडावर घेऊन म्हणायच्या, "भूक न्हाय."

पोटात अन्न नाही आणि इन्सुलिन चालू, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची साखर एकदम उतरली. दरदरून घाम सुटला. ग्लुकोज देऊन सावरलं, पण डॉक्टर माझ्यावर चिडले आणि तो राग मी आजींवर काढला. "आजी, हट्ट कसला करता? जिवावर बेतलं असतं!" चार खाटांची खोली. सगळ्या बायका बघत होत्या. आजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मावशी फरशी पुसता पुसता थांबल्या. डॉक्टरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा फडकं पिळायला लागल्या. एरवी मी लक्ष दिलं नसतं. त्या दिवशी म्हटलं, "डॉक्टर, मावशींना काहीतरी सांगायचंय."

डॉक्टर वळले. मावशी अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांची कवळी घरी राह्यली. मगाशी चूळ भरताना दिसलं मला. बिनदाताचं तोंड घेऊन लोकांसमोर कसं खायचं? लाजतात हो त्या."

डॉक्टरांनी स्वतःच कोपऱ्यातला पडदा ओढून आजींच्या खाटेला लावला. मावशींनी मऊ भाताची पेज करून आणली आणि पडद्याआड बसून आजींनी ती वाटीभर खाल्ली. आमच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर दुपारी त्याच बाजूला जाणार होता. शेजारणीकडून किल्ली घेऊन त्याने ओट्यावरच्या पेल्यातली कवळी रुमालात बांधून आणली.

संध्याकाळी मी आजींचे केस विंचरायला बसले. "सकाळी मी फार बोलले," म्हटलं. "चुकलं माझं."

"माझी लेकपन अशीच वरडते," आजी म्हणाल्या. "पन ती नंतर केस इंचरत न्हाय." आणि दात दाखवून हसल्या. माझे डोळे भरून आले, म्हणून मी मागेच बसून राहिले.

आठवड्याभरात साखर ताब्यात आली, जखम भरू लागली आणि आजी घरी गेल्या.

त्यानंतर डॉक्टर राऊंडच्या शेवटी दारात थांबतात आणि विचारतात, "अजून कुणाचं काही?" मावशी मोजकंच सांगतात, पण त्यांचं बहुतेक वेळा खरं निघतं. ड्रायव्हर मात्र एकदा सुरू झाला की थांबत नाही. कोणत्या पेशंटच्या घरी जायचा रस्ता खराब, कुणाची सून माहेरी गेलीय, सगळं. राऊंड लांबतो. डॉक्टर घड्याळ बघतात, तरी ऐकून घेतात.