लाल बदाम

शेजारच्या शुभावहिनी मांजरालाही ‘सरक गं बाई’ म्हणतात. काल त्यांनी मोठ्या कौतुकाने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यांच्या लाडक्या नटाचा सिनेमा कंटाळवाणा वाटला, असं कुणा मुलीने लिहिलं होतं. खाली वहिनींचं उत्तर होतं : ‘तुझ्या तोंडावर ॲसिडच ओतायला हवं.’

मी हादरलेच. “वहिनी, हे तुम्ही लिहिलंत?”

“अगं, ते सोड. त्यांनी स्वतः बदाम दिलाय बघ!”

खरंच, त्या वाक्याखाली नटाचा इवलासा लाल बदाम होता. चाहते काय वाट्टेल ते बोलतात, त्याला तो बिचारा काय करणार, असं मीच म्हणायचे. हे मात्र त्याने वाचलं होतं.

लहानपणी अक्कल यावी म्हणून आई भिजवलेला बदाम द्यायची. इथे वहिनी दुसऱ्या बदामासाठी पुन्हा लिहायला लागल्या होत्या.